मागचं डावं मडगार्ड

ग्राइंडरचा आवाज बदलला तेव्हा हिसानोरी मोतेगीला आधी वाटलं, चकती झिजली असेल. पत्रा कापताना कसा कर्कश, एकसुरी आवाज येतो आणि ठिणग्यांचा फवारा बुटांवर पडतो. इथवर तसंच चाललं होतं. आता ठिणग्या थांबल्या आणि आवाज घसा बसावा तसा बसला. त्याने मशीन बंद केलं, डोळ्यांवरची काच कपाळावर सरकवली आणि वाकून पाहिलं. मागच्या डाव्या चाकावरच्या कमानीत त्याने जेमतेम वीतभर काप घेतला होता आणि त्या कापातून फिकट गुलाबी भुकटी खाली गळत होती. चिमटीत धरून त्याने ती चोळली. पुट्टी होती. ठोकर बसलेला पत्रा ठोकून सरळ करतात, राहिलेला खळगा पुट्टीने भरतात, घासतात आणि वरून रंग मारतात. हे कळायला काही गॅरेजवाला असावं लागत नाही. पण ही गाडी, ही सिल्व्हिया, त्याने एकोणीस वर्षांपूर्वी कोरी करकरीत घेतली होती आणि तिला आजवर कुणी साधा ओरखडा काढला नव्हता. निदान त्याची तशी समजूत होती. आणि ही पुट्टी तर चांगली अर्धं बोट जाड होती.

मागे कॉम्प्रेसरची घरघर थांबली. सुनागाने तो बंद केला होता. गॅरेज सुनागाचंच, किर्यू गावाच्या कडेला, नदीच्या बांधाला टेकलेलं. आणि सुनागा हिसानोरीचा शाळेपासूनचा दोस्त. हात पुसत तो जवळ आला, काप बघितला, खालची गुलाबी रास बघितली. "उजवीकडून सुरू कर म्हटलं होतं तुला," तो म्हणाला. आवाजात ना नवल ना काही. त्याच्या त्या सरळ आवाजावरूनच हिसानोरीला कळलं की याला हे आधीपासून ठाऊक आहे. म्हणून तर हा गेले तीन महिने घोडं अडवत होता. आज फायबर नीट सुकलं नाही, उद्या रिव्हेट संपले, परवा थंडी फार आहे. आणि शेवटी काही चालेना तेव्हा म्हणाला होता, असं कर, तू घरी जा, कापायचं काम मी उरकतो. पण त्याच्याच गॅरेजातला जुना शिरस्ता त्याच्या आड आला. पहिला काप मालकाचा. रुंद किट, म्हणजे चाकांवरच्या फायबरच्या फुगीर कमानी, बसवायचं तर मूळचं मडगार्ड कापावं लागतं, नाहीतर रुंद चाक आत मावत नाही, आणि एकदा कापलं की ते काही परत उगवत नाही. पुढे लोक पस्तावतात आणि रडत येतात, तूच कापलीस म्हणून. त्यामुळे सुनागा पहिल्या कापाला ग्राइंडर मालकाच्या हातात देतो आणि स्वतः दोन पावलं मागे उभा राहतो. आजही तसाच उभा राहिला होता. हिसानोरीने डावी बाजू निवडली ती दारातून उजेड तिकडे पडत होता म्हणून, दुसरं काही कारण नव्हतं.

बाहेर फेब्रुवारीचा कोरडा वारा सुटला होता. अकागी डोंगरावरून उतरून येणारा हा वारा इथे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला. गॅरेजचं पत्र्याचं दार धडधडत राहतं आणि कुणी वर मान करून बघत नाही. सुनागाने नाणी टाकायच्या मशीनमधून कॉफीचे दोन गरम डबे आणले, एक त्याच्या हातात दिला. हिसानोरी टायरच्या चळतीवर बसला. त्याला राग यायला हवा होता, पण अंगात रागाएवढंही त्राण नव्हतं. गेल्या वर्षापासून हे असंच चाललं होतं. सव्वीस वर्षं तो मोटारींच्या कारखान्यात फटी मोजत आला. दार आणि खांब यांच्यामधली फट, बॉनेट आणि मडगार्ड यांच्यामधली फट, साडेतीन मिलिमीटर, त्याहून अर्धा जास्त नाही, अर्धा कमी नाही. पातळ पट्ट्यांचा जुडगा खिशात असायचा, पण त्याची गरज क्वचित पडे. पांढरा हातमोजा घालून बोट फिरवलं की त्याला पत्र्यातली लाट कळायची. नव्या पोरांना त्याचा हात दाखवायला आणत. गेल्या वर्षी लाइनीवर कॅमेरे लावलेले सहा यांत्रिक हात आले. एप्रिलपासून तुम्ही सुट्या भागांच्या गोदामात, असं साहेबांनी त्याला दोन्ही हात मांड्यांवर ठेवून, वाकून, अगदी आदराने सांगितलं. त्यानेही तितकंच वाकून आभार मानले. घरी येताना त्याला वाटलं होतं, आपण आभार कशाचे मानले. मग तेही वाटेनासं झालं.

त्याच आठवड्यात त्याने किट शोधायला घेतलं. या गाडीला रुंद मडगार्डं लावायची हौस ती घेतली तेव्हापासूनची, पण आधी मुलगी लहान होती, मग तिचं कॉलेज, मग घराचं छप्पर. हौस ही गोष्ट कायम रांगेत शेवटी उभी. रात्रीचं जेवण झालं की तो मोबाइल घेऊन बसे. नामांकित कंपनीचं किट होतं, त्याचा फोटो बघूनच जीव सुखावे, पण किंमत चार पगारांची. दुसरं स्वस्तात स्वस्त, नुसतं चिकटवायचं, मिशीएवढ्या पट्ट्या. त्याच्यासाठी कापाकापीची गरज नाही आणि त्याच्याने काही होतही नाही. तिसरं ओसाकाकडच्या कुणा बेनाम माणसाचं. फायबरच्या चार कमानी, एक पिशवी रिव्हेट, एक लाख अठ्ठावीस हजार येन. फोटो त्याने आपल्या परसात काढला होता, मागे दोरीवर कुणाचे तरी पायमोजे वाळत होते. ज्यांनी घेतलं होतं त्यांच्यातल्या एकाने खाली लिहिलं होतं, 'हे बसत नाही, बसवावं लागतं.' हिसानोरीने ते वाक्य दोनतीनदा वाचलं आणि तेच मागवलं. खोकं उघडलं तेव्हा सुनागा म्हणाला होता, "हे काय, फुटक्या टबाचे तुकडे मागवलेस? त्रेपन्नाव्या वर्षी गुडघ्याला बाशिंग बांधायचं, तेही असलं?" डावी कमान उजवीपेक्षा चांगली अकरा मिलिमीटर लांब होती. गाडीवर धरून बघितली तर मध्ये अंगठा जाईल एवढी फट. हिसानोरीने सवयीने खिशातल्या पट्ट्या काढल्या आणि परत ठेवल्या. त्या फटीकडे बघताना त्याला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं होतं. कारखान्यात ही फट दिसती तर अख्खी लाइन थांबली असती. इथे काही थांबलं नाही.

विरोध केला तो किनुएने. त्याच्या बायकोने. तेच मोठं नवल होतं. तिला गाड्यांचं काडीचं प्रेम नाही, असं तो धरून चालला होता. कितीतरी वर्षांत ती सिल्व्हियात बसली नव्हती, बाजाराला जायचं तर तिची ती छोटी पांढरी डबा गाडी. नोव्हेंबरात एकदा जेवताना त्याने सहज सांगितलं, मागची मडगार्डं कापायला लागतील. तिने काड्या खाली ठेवल्या. "कापू नका," ती म्हणाली. तो म्हणाला, तुला काय त्याचं. ती म्हणाली, "काही नाही. वरून काय चिकटवायचं ते चिकटवा. कापू नका." आणि उठून पाणी आणायला गेली. लग्नाला तीस वर्षं होत आली, त्यात किनुएने कशाला नको म्हटल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्याने मनाशी उत्तर जुळवलं, न कापलेल्या जुन्या सिल्व्हियाला हल्ली मोल आलंय, हिला ती विकायची असेल. त्याला थोडं वाईट वाटलं आणि थोडं समाधानही वाटलं, की चला, हिला काहीतरी हवंय. पण विचारलं नाही. त्यांच्या घरात विचारायची पद्धत नव्हती. भांडण नाही, अबोला नाही. फक्त प्रत्येकाने दुसऱ्याच्या मनातलं उत्तर आपल्या आपण जुळवून घ्यायचं आणि त्यावर भागवायचं.

"तूच भरलीस ना ही?" आता त्याने सुनागाला विचारलं.

"मीच. माझ्याच हातची. बघ ना, एवढ्या वर्षांत केसाएवढा तडा गेला नाही तिला." सुनागाला त्याही स्थितीत आपल्या कामाचं कौतुक आवरलं नाही. मग तो खजील झाला. "तू क्युशूच्या कारखान्यात होतास तेव्हा. अकरा वर्षं झाली. जुलै महिना होता. अकागीच्या पलीकडच्या उतारावर गार्डरेलला मागची डावी बाजू घासली होती."

"कुणी घासली?"

"आता कुणी म्हणजे? गाडी तुझ्या घरात, तू दीड हजार किलोमीटर लांब. भुताने चालवली काय?"

"किनुए अकागीवर काय करत होती?"

सुनागाने डबा चुरगाळला. "ते मला नको विचारूस. मी पत्रा ठोकला, तुमचा संसार नाही ठोकला. सांगू नका म्हणाली, मी नाही सांगितलं. तुझी बायको कधी कुणाकडे काही मागत नाही. तिने एकदा मागितलं तर मी काय करणार होतो?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ हिसा. एवढा काप पुरा करू, कमान बसवू, सोळा रिव्हेट मारू. झालं. वरून फायबर आलं की जन्मात कुणाला दिसणार नाही. शुक्रवारी मायेबाशीच्या कचेरीत नव्या रुंदीची नोंद करायची तारीख घेतलीय, शनिवारी गाडी तुझ्या दारात. तू काही पाहिलं नाहीस आणि मी काही बोललो नाही. तिलाही तेच बरं पडेल."

हिसानोरी डबा निवेपर्यंत हातात धरून बसला, मग उठला, आणि सुनागाकडची एक जुनी छोटी गाडी घेऊन घराकडे निघाला. दुपारचे चार वाजून गेले होते. शेतांवरून धूळ उडत होती, सिग्नलला थांबलं की गाडी वाऱ्याने डोलायची. क्युशूची ती तीन वर्षं त्याला आता आठवू म्हटलं तरी धड आठवत नव्हती. कंपनीने पाठवलं, एकट्याने जायचं. त्याच्या वयाचे सगळेच असे कुठे ना कुठे एकटे जाऊन आलेले. मुलगी मायुको त्याच वसंतात सेन्दाईला शिकायला गेली होती, त्यामुळे घरात किनुए एकटी. जाताना त्याने एक कागद लिहून फ्रीजवर लावला होता. दर रविवारी गाडी पंधरा मिनिटं चालवणे, नाहीतर बॅटरी उतरते. इंजिन फार फिरवू नये. पावसात काढू नये. झाकण घालताना आधी धूळ झटकावी. अकरा कलमं होती. रविवारी रात्री तो खोलीवरून फोन करायचा, "चालवलीस?" ती म्हणायची, "चालवली." मग दोघं हवेबद्दल बोलायची. तिकडे पाऊस आहे का, इकडे नाही. त्या ऑगस्टात, पितरांच्या सुट्टीला, तो चार दिवस घरी आला होता. त्याने अंगणात गाडी धुतली होती. ऊन होतं. रबरी नळी होती. इथवर आलं की त्याचं मन दुसरीकडे वळायचं. आताही वळलं, समोरच्या ट्रकवर काय लिहिलंय ते वाचत बसलं. विचारायचं की नाही, एवढाच प्रश्न उरला होता. न विचारलं तर सुनागा म्हणतो तसं सोळा रिव्हेटांत सगळं मिटत होतं. विचारलं तर किनुए सांगेल, आणि ती काय सांगेल याची त्याला भीती वाटत होती. स्पष्टच सांगायचं तर बायको हातची जाईल अशी भीती वाटत होती. त्रेपन्नाव्या वर्षी, गोदामात जायच्या दोन महिने आधी, त्याच्याजवळ आपली म्हणावी अशी तेवढीच राहिली होती.

किनुए स्वयंपाकघरात मुळा सोलत होती. जेवणाच्या डब्यांच्या दुकानातली तिची पाळी दोनला संपते. तिने त्याच्या बाहीवरची गुलाबी धूळ बघितली. सोलणं थांबवलं नाही, फक्त हात हळू झाला. हिसानोरी बूट काढून आत आला आणि तसाच उभा राहिला.

"डावीकडून कापायला घेतली," तो म्हणाला. "पुट्टी निघाली."

"हो का."

"सुनागा म्हणाला, अकागीवर लागली."

"हं." तिने सालाची लांब पट्टी सोडवली आणि मुळा फळीवर ठेवला. "तरी सांगत होते, कापू नका."

तो टेबलाशी बसला. "तू अकागीवर कशाला गेली होतीस?"

तर विचारून झालं. किनुए हात धुऊन त्याच्या समोर येऊन बसली. ती बावन्न वर्षांची होती आणि आज डोळ्यांखाली तिचं वय दिसत होतं. तिने काही घाईने सांगितलं नाही, रडली नाही, दुकानातली एखादी हकिगत सांगावी तसं सांगितलं.

"तुमच्या कागदावर पंधरा मिनिटं लिहिलं होतं. मी मे महिन्यापर्यंत पंधराच मिनिटं चालवली. घड्याळ लावून. नदीपर्यंत जायचं, परत यायचं. मग एका रविवारी परत फिरायला जागा मिळेना म्हणून पुढे गेले. मग दर रविवारी थोडी थोडी पुढे. वर चढायला लागलं की कानात दडे बसतात ना, ते मला आवडायला लागलं. तुम्ही फोनवर विचारायचात, चालवलीस? मी म्हणायचे, चालवली. तुम्ही कधी विचारलं नाहीत, कुठे." ती थांबली. "जुलैत निघाले तेव्हा मात्र पिशवी बरोबर होती. दोन जोड कपडे आणि बँकेचं पुस्तक. मिनाकामीला गरम पाण्याच्या झऱ्यावर एक पांथशाळा आहे, तिथे राहून काम करायला बाई हवी होती. फोनवर बोलणं झालं होतं."

"निघून चालली होतीस."

"हो."

"चिठ्ठी वगैरे?"

"लिहायला बसले होते. काय लिहिणार? तुम्ही काही केलं असतंत तर लिहिता आलं असतं. मारलं नाहीत, ओरडला नाहीत, बाहेरख्याली नाही. महिन्याच्या पंचवीस तारखेला पगार घरात. तासभर बसले, शेवटी कागद तसाच ठेवला." तिने टेबलावरचा पाण्याचा थेंब बोटाने पुसला. "पलीकडच्या उतारावर पाऊस लागला. मागची बाजू सरकली आणि धाडकन लागलं. मी उतरले. चाक फिरत होतं, गाडी चालण्यासारखी होती. आणखी तासाभरात मिनाकामी. पण गाडी तुमची. तुमची गाडी मोडून ठेवून कसं जायचं? ते काही मनाला पटेना. आधी नीट करून जागेवर ठेवावी, मग आगगाडीने जावं, असं ठरवलं आणि मागे फिरले."

हिसानोरीला हसू आलं असतं, पण त्याच्या लक्षात आलं की आपणही हेच केलं असतं. नेमकं हेच. जीव द्यायला निघालेला माणूसही, कुणाची उसनी छत्री परत करायची राहिली म्हणून, इथे परत फिरेल.

"सुनागांनी अठरा दिवस लावले. रंग जुळेना. तीनदा मारला. मिनाकामीच्या बाईला मी दोनदा फोन करून माफी मागितली. तोवर ऑगस्ट आला आणि तुम्ही आलात. दुसऱ्या दिवशी तुम्ही गाडी धुवायला काढलीत." किनुए आता त्याच्याकडे बघत होती. "मी या खिडकीत उभी होते. पिशवी तेव्हाही भरलेलीच होती, वर कपाटात. ठरवलं होतं, यांचा हात तिथे जाईल, हे विचारतील, मग सगळं सांगून टाकायचं आणि जायचं. सुनागा तर घाबरून म्हणाले होते, हिसाच्या बोटांना फसवणं कठीण. तुम्ही डाव्या बाजूला बराच वेळ होतात. मग आत आलात आणि सातूचा गार चहा मागितलात."

"आठवतं मला."

"मला वाटलं, यांना कळलंच नाही. ज्या माणसाला परक्यांच्या गाड्यांमधली केसाएवढी फट कळते त्याला आपल्या गाडीवरची एवढी पुट्टी कळली नाही, म्हणजे किती दमला असेल हा माणूस. तिकडे एकटा राहतो, काय खातो, कसा झोपतो. तुम्ही चहा प्यायलात आणि इथेच जमिनीवर झोपून गेलात, तोंड उघडं टाकून. मला इतकं वाईट वाटलं तुमचं. तुम्ही गेल्यावर मी पिशवी रिकामी केली." तिने हात मांडीवर ठेवले. "बस, एवढंच आहे. पुढे तुम्ही परत आलात, मायुकोचं लग्न झालं, दिवस गेले. कापलीत तर तुम्हाला कळेल आणि उगाच जिवाला लागेल, म्हणून नको म्हटलं होतं."

सांगून झालं तशी ती मोकळी झालेली दिसली. खांदे उतरले. आता त्याने फक्त मान हलवायची होती, 'असं होय' म्हणायचं होतं, आणि गोष्ट इथे संपत होती. तिने त्याला दमलेला, बिचारा माणूस म्हणून पदरात घेतलं होतं; ही जागा काही वाईट नव्हती, अकरा वर्षं तो त्या जागेवर सुखाने बसून होता. गॅसवर पाणी उकळायला लागलं होतं. आणि नेमकं तेव्हा, इतका वेळ ट्रकवरच्या अक्षरांकडे पळून जाणारं त्याचं मन त्या अंगणात जाऊन उभं राहिलं. ऊन. रबरी नळी. तापलेला पत्रा. कमानीवर लाट होती, हातभर लांब. त्याने स्पंज खाली ठेवला होता, तळवा पुसून कोरडा केला होता आणि पुन्हा एकदा, सावकाश, पुढून मागे फिरवला होता. रंगाचीही एक छटा वेगळी होती. मग त्याने खिडकीकडे बघितलं होतं. किनुए तिथे उभी होती आणि तिचा चेहरा बघून त्याला कळलं होतं की हिच्याजवळ सांगण्यासारखं काहीतरी आहे आणि ते मोठं आहे. त्याने स्पंज उचलला होता. त्यानंतर त्याने ही गाडी कधीही हाताने धुतली नाही; पेट्रोलपंपावरच्या मशीनमध्ये घालायला लागला आणि सगळ्यांना सांगत राहिला की कंबर धरते.

"मला कळलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"तेव्हाच कळलं होतं. दोनदा हात फिरवला. तुला खिडकीत बघितलं."

किनुएने मांडीवरचे हात टेबलावर ठेवले. मग म्हणाली, "मग विचारलं नाहीत."

"नाही."

"का?"

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस."

पाणी भांड्यातून उतू जाऊन गॅसवर चुरचुरलं. ती उठली, गॅस बारीक केला आणि पाठमोरीच उभी राहिली. हिसानोरीला तिची मान दिसत होती, केस वर बांधलेले, त्यातले काही पांढरे झालेले. तिच्याकडून काय येईल याची तो वाट बघत होता, आणि जे येईल ते आपल्याला मान्य आहे असं स्वतःला समजावत होता, पण मान्य नव्हतं.

"म्हणजे उगाचच राहिले मी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुम्हाला कळलं नाही म्हणून राहिले. ज्याला कळलंच नाही त्याच्यावर राग तरी कसा धरायचा, असं म्हणत राहिले. आणि तुम्ही जाणून होतात. मी एकटीनेच हे सगळं अकरा वर्षं पोटात घालून वावरतेय, हे तुम्ही रोज बघत होतात. जेवताना समोर बसून."

"हो."

"आणि आता हे रुंद किट. तेही ती बाजू झाकायलाच की काय?"

"माहीत नाही," तो म्हणाला. हे खरं होतं. "तसंही असेल. मला ठाऊक नाही, किनुए. मी दमलोय, तेवढं मात्र खरं आहे. ते तू बरोबर ओळखलं होतंस."

ती वळली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. होता तो राग, आणि तो इतक्या वर्षांनी आलेला होता की कसा धरावा हे तिला सुधरत नव्हतं. तिने फडकं घेतलं, उतू गेलेलं पाणी पुसलं, फडकं पिळलं, पुन्हा पुसलं. मुळ्याच्या चकत्या कापून भांड्यात टाकल्या. त्याला बराच वेळ पाठच दिसत होती. मग तिने विचारलं, "गाडी कधी मिळणार?"

"कमानी बसवल्या तर शनिवारी. नाहीतर सुनागाला सांगतो, पुट्टी भरून टाक, होती तशी कर."

"होती तशी कशाला? बसवा. एक बाजू कापून झालीय, आता दुसरी ठेवून काय करणार?" तिने भांड्यावर झाकण ठेवलं. "शनिवारी माझी सुट्टी आहे. शनिवारी मी घेऊन जाईन."

"मी येऊ?"

"नाही."

त्याने मान हलवली. खिडकीबाहेर उजेड कमी होत होता आणि शेजाऱ्यांच्या वाळत टाकलेल्या चादरी वाऱ्याने आडव्या झाल्या होत्या. शनिवार म्हणजे चार दिवस. त्याला तिला पुष्कळ काही सांगायचं होतं. "आता ती रुंद झालीय," तो म्हणाला. "दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटं. अरुंद रस्त्यावर समोरून कुणी आलं तर तेवढं जास्तीचं धरायचं. चाक खड्ड्याकडे ओढेल, दोन्ही हातांनी धर. आणि उतारावर पाऊस लागला तर..." तो थांबला.

"तर काय?"

"काही नाही. तुला चालवता येते."

"येते," ती म्हणाली.

तिने खालच्या फळीवरून मिसोचा डबा काढला, चमचाभर मिसो पळीत घोळवला. हिसानोरी तिच्या हातांकडे बघत होता. शब्द तोंडात येऊन बसला होता आणि तो तसाच गिळून टाकायची तीस वर्षांची सवय होती. गिळला असता तर कुणालाही कळलं नसतं.

"परत येशील?" त्याने विचारलं.

किनुएची पळी क्षणभर थांबली. उत्तर तयार नसलेल्या माणसासारखं तिने खरंच त्यावर विचार केला.

"ते अकागीवर गेल्यावर बघेन," ती म्हणाली, आणि दोन वाडगे काढून टेबलावर ठेवले.